मार्शल हल्ला: घोडा एफ६ की प्यादं सी६?

न्यूयॉर्क, १९१८. बुद्धिबळाच्या एका डावात, रुय लोपेझ या सुरुवातीमध्ये, काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या फ्रँक मार्शलने आठव्या खेळीला प्यादं डी५ या घरात सरकवून ई५चं प्यादं देऊ केलं. पांढरी मोहरी घेतलेल्या कापाब्लांकाने ते बिनधास्त खाल्लं. अकराव्या खेळीला पांढरा हत्ती ई५वर येतो, तिथे काळ्यापुढे दोन वाटा असतात.

मार्शलने घोडा एफ६वर नेला. दिसायला झणझणीत, पण या घोड्यामुळे वजिराची एच४कडे जाणारी तिरपी वाटच बंद होते. मग तोच घोडा पुन्हा उठवून जी४वर न्यायचा! कापाब्लांकाने वजीर एफ३वर आणला, घोडा एफ२वर घुसल्यावर हत्ती शांतपणे ई२वर सरकवला आणि ३६ खेळ्यांत डाव जिंकला. एवढा मारा पटावर बसून परतवणं, तेही तयारीशिवाय, म्हणजे कमालच.

सी६ ही पुढे रूढ झालेली खेळी. घोडा डी५वर भक्कम राहतो, उंट डी६वर, वजीर थेट एच४वर. पांढऱ्याला जी३ खेळून राजाभोवतीची पांढरी घरं कमकुवत करावी लागतात. प्यादं गेलेलंच असतं, पण दबाव टिकतो. ग्रँडमास्टर आरोनियनचं हे आवडतं हत्यार. जगज्जेत्या कास्पारोव्हने १९९३मध्ये आव्हानवीर शॉर्टविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी आठव्या खेळीलाच ए४ खेळून ही भानगड टाळली होती.

ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात, गंमत म्हणून घोडा एफ६ चालेल, स्पर्धेत सी६च.