डिझेल फिल्टर: घरी बदलावा, ओळखीच्या गॅरेजात की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला?

गेल्या जुलैत ठाण्याच्या घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर माझी गाडी अचानक उचलेना. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, वरून पाऊस, शेजारी आई बसलेली. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर जायला तयार नाही. कशीबशी फाउंटनच्या नाक्यापर्यंत नेली आणि तिथून टोइंगवाल्याला बोलावलं.

दोष निघाला डिझेल फिल्टरचा. चारच महिन्यांपूर्वी एका सर्व्हिस सेंटरला गाडीचं पूर्ण काम झालं होतं, बिलात डिझेल फिल्टरचे पैसेही लावले होते. पण गाडीत होता तो जुनाच. पत्र्याच्या कडेला गंज धरलेला, त्यावर छापलेली तारीख तीन वर्षांपूर्वीची. तेव्हापासून हा फिल्टर मी स्वतः बदलते. तरीही ‘घरीच करा’ असं सगळ्यांना सरसकट सांगणार नाही. कोणी घरी करावं, कोणी गॅरेजात जावं आणि कोणी मुकाट्याने कंपनीत गाडी लावावी, हे तुमची गाडी आणि तुमचं पार्किंग बघून ठरतं.

हा प्रश्न आता बऱ्याच जणांना पडतोय. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ (गाडीच्या धुराबाबतचे कडक निकष) लागू झालं आणि मारुतीने त्याच वेळी डिझेल गाड्या बंद केल्या. आधी घेतलेल्या स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा मात्र ठाण्यात आणि नवी मुंबईत गल्लोगल्ली धावतायत. वॉरंटी केव्हाच संपली. दिल्लीत आला तसा डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद करायचा नियम आपल्याकडे नाही, १५ वर्षांनी आरटीओत पुनर्नोंदणी करून गाडी पुढे वापरता येते. म्हणजे गाडी जपायची तर आहे, पण दर वेळी कंपनीचं बिल भरावंसं वाटत नाही.

आधी फिल्टर करतो काय ते

तुमच्या टायरमध्ये हवेचा दाब असतो सव्वादोन बारच्या आसपास. कॉमन रेल इंजिनात (आताच्या डिझेल गाड्यांत हेच असतं) डिझेल हजार बारच्याही पुढे, काही गाड्यांत दोन हजारांपर्यंत दाबलं जातं आणि इंजेक्टरच्या टोकाच्या अतिसूक्ष्म भोकांतून फवारलं जातं. (आपले मेकॅनिक त्याला नोझल म्हणतात.) केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाचा कणही तिथे घासतो. पाणी तर त्याहून वाईट, कारण पंप आणि नोझलला वंगण डिझेलचंच मिळतं. पाणी आलं की वंगण गेलं, वर गंज.

कण आणि पाणी, दोन्ही अडवायचं काम फिल्टरचं. आपल्याकडे पावसाळ्यात टाकी पाव भरून गाडी आठवडाभर उभी ठेवली की टाकीतल्या दमट हवेचं पाणी होतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि यथावकाश फिल्टरमध्ये येतं.

म्हणून फिल्टर बदलणं हे ताकदीचं काम नाही, स्वच्छतेचं आहे. जुना फिरवून काढायचा आणि नवा लावायचा, एवढं कोणालाही जमतं. त्या पाच मिनिटांत धुळीचा एक कण नव्या फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला जाऊ द्यायचा नाही, खरी परीक्षा ही. तिन्ही पर्याय मी याच एका कसाला लावते.

बॉनेट उघडून बघायच्या दोन गोष्टी

पहिली, फिल्टर कुठे आहे. वरच्या वर हात पोचत असेल तर ठीक. बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, अमुक ब्रॅकेट काढल्याशिवाय दिसतच नसेल, किंवा गाडीखाली झोपावं लागत असेल, तर घरचा विचार तिथेच सोडा.

दुसरी, हवा कशी काढायची. फिल्टर उघडला की डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते आणि ती निघाल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. काही गाड्यांत फिल्टरच्या डोक्यावर, म्हणजे फिल्टर ज्याला बसतो त्या वरच्या भागावर, दाबायचं बटण असतं किंवा पाइपवर रबराचा फुगा असतो, तो हँड पंप. काहींत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो. चावी ऑन करायची, काही सेकंद थांबायचं, बंद करायची, असं पाच-सहा वेळा केलं की काम होतं. पण काही गाड्यांना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावूनच पंप चालवावा लागतो. तुमची त्यातली असेल तर घरचा पर्याय बाद. हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात किंवा त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

घरी

इथे तुमचा पत्ता महत्त्वाचा. ऐरोली, सानपाडा, नेरुळला रो-हाऊस असेल, दारात फरशी असेल, तर याहून चांगली जागा नाही. मी कोलशेतला टॉवरमध्ये राहते. पोडियम पार्किंगमध्ये दुरुस्तीला सोसायटीची मनाई आहे, आणि मला ती पटते. डिझेलचा डाग पेव्हर ब्लॉकवरून निघत नाही, डांबर तर त्याने विरघळतं. शिवाय मागून येणाऱ्या स्कूटरचं चाक त्यावरून घसरू शकतं. मी ऐरोलीला मावसभावाच्या दारात जाऊन काम करते. रस्त्याच्या कडेला, धूळ उडत असताना हा फिल्टर उघडू नका. घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ रोज बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

माझ्या गाडीत स्पिन-ऑन फिल्टर आहे, म्हणजे डब्यासारखा फिरवून बसतो तो. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हात घालते. आधी फिल्टरच्या आजूबाजूची माती जुन्या ब्रशने आणि ओल्या फडक्याने काढते. या पायरीला लोक सर्वांत कमी वेळ देतात, मी सर्वांत जास्त देते. गॅरेजात मिळणारा धाग्यांचा कॉटन वेस्ट वापरत नाही, त्याचे तंतू सुटतात. खाली ट्रे, आणि शेजारी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो) असेल तर त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. अल्टरनेटरमध्ये डिझेल गेलं तर फिल्टरच्या कैक पट खर्च होतो. बेल्टवर आणि रबरी होजवरही ते सांडू द्यायचं नाही.

जुना फिल्टर निघाला की वर बघायचं: त्याची रबरी रिंग डोक्याला चिकटून राहिली नाही ना? मी पहिल्यांदा बदलला तेव्हा ती राहिली होती. जुन्या रिंगवर नवी बसली, वरकरणी घट्ट वाटलं, आणि गाडी सुरू करताच कडेने डिझेल पाझरू लागलं. परत उघडून पहिल्यापासून सगळं केलं. नव्या रिंगला बोटाने स्वच्छ डिझेल लावून फिल्टर हातानेच फिरवायचा. रिंग टेकली की पुढे डब्यावर लिहिलं असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा. पाण्याचा सेन्सर जुन्या फिल्टरच्या बुडाला असेल तर तो काढून नव्याला लावायचा, त्याची छोटी ओ-रिंग नवी घालून.

बाबांची आठवण इथे येतेच. वाशीच्या भाजी मार्केटला त्यांचा टेम्पो चालायचा. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने काठोकाठ भरूनच ते बसवायचे, म्हणजे सेल्फ कमी मारावा लागतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला ते चालून जायचं. कॉमन रेलला नाही. स्पिन-ऑन फिल्टरला साधारणपणे कडेने छोटी भोकं असतात, तिथून डिझेल आत येतं, आणि मधल्या मोठ्या भोकातून गाळलेलं बाहेर जातं. मधल्या भोकात ओतलेलं डिझेल न गाळताच थेट हाय-प्रेशर पंपाकडे जाणार. भरायचाच असेल तर फक्त कडेच्या भोकांतून, थोडंथोडं. मी रिकामा बसवते आणि हँड पंप कडक लागेपर्यंत दाबत राहते. साठ-सत्तर वेळा तरी दाबावा लागतो, अंगठा दुखतो.

सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर तापतो आणि बॅटरी बसते. एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही: हवा काढायला म्हणून चालू इंजिनावर नोझलच्या लोखंडी पाइपचे नट सैल करणं. जुन्या गाड्यांवर मेकॅनिक हे करताना तुम्ही पाहिलं असेल. कॉमन रेलमध्ये त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत जाते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. तसं झालंच तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.

ओळखीचं गॅरेज

माझ्या मते बहुतेकांसाठी हाच बरा मार्ग, फक्त एका अटीवर: तुम्ही शेजारी उभं राहायचं. वागळे इस्टेट, तुर्भे, वाशीच्या ट्रक टर्मिनलची बाजू, इथे डिझेलवर आयुष्य काढलेले मिस्त्री आहेत. हवा धरलेली गाडी ते आवाजावरून ओळखतात. गाडी सुरू झाली नाही तर पुढचा उपाय त्यांच्याकडे असतो, तुमच्याकडे घरी नसतो. रविवारी संध्याकाळी दारात उभी राहिलेली बंद गाडी आणि सोमवारी सकाळची ड्युटी हा घरच्या कामातला खरा धोका आहे.

गॅरेजात खोट असते ती घाईची. फिल्टरभोवतीची माती कोणी पुसत नाही. भरायला डिझेल येतं ते कापलेल्या पाण्याच्या बाटलीतून, आणि त्या बाटलीत आधी काय होतं हे विचारायची सोय नसते. पण शब्दाला मान असतो. ‘दादा, आधी जरा पुसून घ्या ना, आणि मध्ये ओतू नका, पंपच मारू’ असं नीट सांगितलं तर ऐकतात. फिल्टर मी स्वतः नेते, पक्क्या बिलावर घेतलेला. बॉश, माहले, प्युरोलेटर अशा नावांचे नकली डबे बाजारात फिरतात, म्हणून कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायचा. पार्ट नंबर जुन्याशी आणि चासी नंबराशी जुळवून बघायचा. फिल्टरवर बाण असेल तर डिझेल त्याच दिशेने जायला हवं.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर

वॉरंटी चालू असेल, गाडी बीएस-६ असेल आणि हीटर-सेन्सरच्या वायरी फिल्टरला जोडलेल्या असतील, तर इथेच जा. स्कॅनर इथे असतो, योग्य पार्ट मिळतो, आणि उद्या पंपाचं काही झालं तर बिल दाखवता येतं. माझा अनुभव वाईट असला तरी हे मी मनापासून सांगते. त्रुटी एकच: बहुतेक ठिकाणी गाडी आत गेली की काम तुमच्या डोळ्यांआड होतं. म्हणून जुना पार्ट परत मागायचा. जॉब कार्डवर गाडी देतानाच लिहून घ्यायचं, नंतर ‘भंगारात गेला’ ऐकावं लागतं.

पैशांचं म्हणाल तर माझ्या गाडीला फिल्टर साडेनऊशेला पडला. गॅरेजची मजुरी ३०० होती. सेंटरचं या कामापुरतं बिल २१०० च्या घरात गेलं होतं. घरी करायला फिल्टर-पाना, ट्रे आणि हातमोजे मिळून एकदाच पाचेकशे गेले. म्हणजे घर आणि गॅरेज यांत फरक तीनशेचा, तोही एक-दोन वर्षांतून एकदा. तेवढ्यासाठी घरी करू नका. काम आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याला हवं तेवढं सावकाश व्हावं असं वाटत असेल तर करा.

पहिल्यांदाच करणार असाल तर एकदा गॅरेजात उभं राहून पूर्ण बघा आणि पुढच्या वेळी घरी करा, तेही शनिवारी सकाळी, दुकानं उघडी असताना. डॅशबोर्डवर फिल्टर आणि थेंबाचं चिन्ह असलेला पिवळा दिवा लागला, म्हणजे फिल्टरमध्ये पाणी साठलं, तर मात्र शनिवारची वाट बघू नका. फिल्टरच्या बुडाला पाणी काढायचा स्क्रू असेल तर इंजिन बंद करून, खाली भांडं धरून तो सैल करायचा आणि स्वच्छ डिझेल येऊ लागलं की बंद करायचा. मग पंप मारून हवा काढायची.

जुन्या फिल्टरमधलं डिझेल मी लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ओतते आणि तासभर हलवत नाही. गायमुखनंतर काढलेल्या फिल्टरमध्ये खाली बोटभर पाणी वेगळं झालं होतं, आणि दोहोंच्या मध्ये काळपट बुळबुळीत थर. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात, त्याचा तो थर. असं दिसलं तर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी साफ करून घ्यावी लागते. हे डिझेल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतायचं नाही. मी बंद कॅनमधून गॅरेजात देते, ते वापरलेल्या ऑइलबरोबर जातं.

नवा फिल्टर बसवला की पर्मनंट मार्करने त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिते. गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची असेल तर जुन्या फिल्टरच्या बुडाशी, सहज दिसणार नाही अशी एक रेघ ओढून ठेवते. परत आल्यावर बॉनेट उघडून मोबाइलचा टॉर्च मारला की रेघ आहे की गेली, ते लगेच दिसतं.