वेल्स की क्रोमर? आई-बाबा इंडियाहून आले असतील तर

ऑगस्टमध्ये आई-बाबा आमच्याकडे केंब्रिजला आले की एक प्रश्न ठरलेला, समुद्रावर कुठे न्यायचं. नॉर्थ नॉरफोक (इंग्लंडच्या पूर्वेकडचा किनारा) नक्की असतं पण तिथल्या गावांपैकी वेल्स की क्रोमर यावर घरात दोन पक्ष पडतात. दोन्हीकडे चार-पाचदा जाऊन आलोय म्हणून लिहितोय, बाकी ज्याची त्याची आवड. (वेल्स म्हणजे वेल्स-नेक्स्ट-द-सी हं, कार्डिफवालं नाही. मराठीत लिहिलं की दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे बाबांनी सोसायटीत सगळ्यांना आम्ही आणखी एक देश बघून आलो असं सांगून ठेवलंय.)

नुसतं दिसण्यावर मार्क द्यायचे तर वेल्स सरळ पुढे. पाइनच्या झाडीतून चालत वर आलं की एकदम मऊ वाळू, खांबांवर उभ्या केलेल्या रंगीत बीच हट्स, आणि पश्चिमेला चालत सुटलात तर होल्कमपर्यंत वाळू संपतच नाही. केंब्रिजहून अंतरही क्रोमरपेक्षा कमी. गाव छोटं, शांत. फक्त नावात ‘नेक्स्ट द सी’ असलं तरी गाव एकीकडे आणि बीच मैलभर लांब, म्हणजे चिप्स गावात आणि भुकेलेली मुलं बीचवर, पण ते चालवून घेता येतं, बीचपाशी पार्किंग आणि कॅफे आहे.

मला जे नडलं ते वेगळंच. पहिल्यांदा आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा किंग्ज लिन ओलांडल्यावर ट्रॅक्टरमागे अर्धा तास गेला, पार्किंग शोधलं, चटया, डबे, छत्री सगळं उचलून वाळूवर आलो आणि समोर समुद्रच नाही! लांबवर एक चकाकती रेघ, मध्ये नुसती ओली वाळू. आई गुहागरची, तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, “ओहोटीला आणलंस होय रे? घरून निघताना कुणाला विचारायचं तरी.” विचारणार कुणाला, मी पुण्याचा वाढलेला. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते म्हणे, इथे तो हिशोब लागत नाही, टाइड टेबलच बघावं लागतं. बरं एकदा बघून पाठ केलं असंही नाही, भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे या शनिवारी दुपारी पाणी पायाशी असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळेला गायब. आणि यायला लागलं की भराभर येतं, आधी तुमच्या मागचे ओहोळ भरतात आणि तुम्ही मधल्या वाळूवर अडकता, म्हणून तिथे भरती चढताना भोंगा वाजवतात. मुलं पाण्याच्या शोधात लांब गेलेली आणि भोंगा वाजला, तेव्हा मी जो पळालोय तो कॉलेजनंतर पहिल्यांदाच.

सुट्टीचा दिवस टाइमटेबलवर घालवायचा नाही मला, त्यासाठी ऑफिस आहे.

आता क्रोमर. वाळू म्हणाल तर वेल्सच्या पासंगालाही नाही, वरच्या बाजूला सगळे गोटे, अनवाणी चालताना आई गं होतं, पूर्ण भरतीला बीच जवळजवळ नाहीसाच होतो. गाव कड्यावर, खाली उतरायला चढ-उतार, आणि गुडघेदुखीवाल्यांना येताना दोनदा थांबावं लागतं हेही खरं. पण तिथे पिअर आहे, खांबांवर समुद्रात आतपर्यंत गेलेला, 1901 सालचा. भरती असो ओहोटी असो, सरळ चालत पाण्यावर जायचं, संपला विषय. लाइफबोटीचं (समुद्रात अडकलेल्यांना वाचवायला जाते ती बोट) घरही पिअरच्या टोकाला आहे, कारण तिथून ओहोटीलाही बोट पाण्यात सोडता येते. हे कळल्यावर बाबांना तो पिअर एकदम पटला. मग ते खालच्या हेन्री ब्लॉग म्युझियममध्ये जे घुसले ते तासभर बाहेर आले नाहीत (तिकीट नाही). या माणसाने लाइफबोटीवर 53 वर्षं काढली, सोबत्यांना घेऊन 873 जीव वाचवले. हा आकडा बाबा आता जेवताना पण सांगतात.

मुलांचं काम म्हणजे खेकडे पकडणं. दोरी, जाळीची पिशवी, आत बेकनचा तुकडा, पिअरवरून खाली सोडायची, आलेले खेकडे बादलीत बघायचे आणि परत समुद्रात. वेल्सच्या धक्क्यावरही हे चालतं पण तिथेही पाणी हवं, ओहोटीला समोर चिखल. क्रोमरला एकच पंचाईत झाली, श्रावण चालू आणि नातवाने बेकनचं पाकीट आजीच्या हातात दिलं. बाबांनी मात्र परदेशात श्रावण नसतो असं जाहीर करून क्रोमर क्रॅब मागवला. शिजवून, सोलून, कवचात परत भरून, लिंबाच्या फोडीबरोबर थंडच देतात. “गोड आहे हो, पण वाटण कुठाय?”

गाडी नसेल तर फार विचार करू नका, वेल्सची रेल्वे 1964 मध्येच बंद झाली. क्रोमरला नॉरिचहून ट्रेन आहे, तीच पुढे शेरिंगमला जाते, तिथून होल्टपर्यंत वाफेचं इंजिन. लहान मुलं असली तर त्यातच अर्धा दिवस निघतो.

मुलं अगदी लहान असतील, वाळूतच लोळायची असतील आणि टाइड टेबल बघायचा कंटाळा नसेल तर वेल्सला जा, मी नाही म्हणणार नाही. आमच्या बायकोचं मत अजून वेल्सच आहे, आणि ती ड्रायव्हिंग करते. यंदा मी गुपचूप आईला विचारून ठेवलंय. ती म्हणाली, “पूल असलेल्या गावाला जाऊ.” पिअरला ती पूलच म्हणते.