'दोन किलोमीटर फोकस'च्या बॅटरीत माझे ६,४१७ रुपये गेले, तुम्ही तरी सावध व्हा

आधी आकडा सांगतो. २,८९९ ची एक अशा दोन बॅटऱ्या, म्हणजे ५,७९८. वर सीओडी चार्ज १२०. नंतर रिटर्नच्या नावाखाली ४९९. एकूण ६,४१७ गेले, एक रुपया परत आलेला नाही.

आता कोणी म्हणेल शिकलेला माणूस जाहिरातीला भुलला कसा. आमच्या जुन्नरकडं एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्री उसाला पाणी द्यायला जावंच लागतं आणि उसात बिबट्या असतो, मागच्याच महिन्यात शेजारच्या वस्तीवरनं कालवड नेली. लांबवर फोकस पडणारी बॅटरी मला हौस म्हणून नको होती, एक मला आणि एक भावाला पाहिजे होती. मोबाईलवर व्हिडिओ आला, माणूस टेकडीवर उभा राहून पलीकडच्या डोंगरावर फोकस टाकतोय, '९०,००० लुमेन, २ किलोमीटर', खाली सगळ्या चांगल्याच कमेंटा. केली ऑर्डर.

पार्सल हातात घेतलं तेव्हाच हलकं लागलं. ही गोष्ट डोक्यातनं जातच नाही. दोन बॅटऱ्या सेलसकट आणि खोक्याला वजनच नाही, मी तोंडानं बोललोसुद्धा की एवढं हलकं कसं. बायको म्हणाली, "अहो, आधी उघडून बघा, मग पैसे द्या." कुरिअरचा पोरगा म्हणे पैसे दिल्याशिवाय उघडता येत नाही, मला अजून वीस ठिकाणी जायचंय, आणि इकडं मोटर चालू करायची वेळ झालेली, मी उभ्या उभ्या पैसे मोजून दिले. तिथंच परत पाठवायला पाहिजे होतं. उघडू देत नसतील तर पार्सल घेऊच नका, पोरगा कितीही घाई करू दे.

अंगणात लावली तर लख्ख उजेड. शेतावर गेलो तर ८० मीटरवर विहिरीजवळ काहीतरी आहे एवढंच दिसलं, बैल आहे की झुडूप ते कळेना. वीस मिनिटांत बॅटरी पिवळी पडली.

भाचा पुण्याला इंजिनीअरिंगला आहे, त्यानं नंतर समजावलं. लुमेन म्हणजे एकूण उजेड, तो लांब जातो की नाही ते कँडेलावरनं कळतं, कँडेला म्हणजे एका दिशेला उजेडाचा झोत किती जोराचा. कँडेलाचं वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायचं, तेवढे मीटर. १०,००० कँडेला असेल तर २०० मीटर, २ किलोमीटरला १० लाख कँडेला लागतात. आणि हे अंतर म्हणजे जिथं उजेड ०.२५ लक्स उरतो, पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, तेवढ्यात जनावर नीट ओळखू येत नाही. पल्ला दुप्पट पाहिजे तर कँडेला चौपट लागतात. माझ्या बॅटरीला उथळ वाटीत नऊ एलईडी, उजेड पसरणारच, लांब जाणार कसा? जाहिरातीत कँडेलाचा आकडा नसेल तर पुढं वाचूच नका. घरातला ९ वॅटचा बल्ब साधारण ९०० लुमेन देतो, म्हणजे ९०,००० लुमेनला असे १०० बल्ब झाले, ते एका बोटभर सेलवर चालतील का? हा हिशोब मला आधी कोणी सांगितला असता तर!

सेलवर छापलंय ९९०० एमएएच, म्हणजे सेलात किती चार्ज मावतो त्याचा आकडा. या १८६५० साईजच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलला ३५०० च्या आसपास असतात. सोनाराच्या काट्यावर ठेवला तर २८ ग्रॅम भरला, खरा ४५ ते ५० भरतो.

पेजवर नंबर नव्हता म्हणून नेटवर कस्टमर केअर शोधलं, ही दुसरी चूक. तिथं मिळालेल्या नंबरवरचा माणूस म्हणाला पिकअपचे ४९९ यूपीआय करा, पूर्ण रिफंड येईल. पैसे गेल्यावर एक ॲप टाकायला सांगितलं तेव्हा फोन कापला.

मग सुरू झाल्या चकरा. बँकेत गेलो, तुम्हीच पिन टाकलाय, आम्ही काय करणार. अशा वेळी लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन करायचा असतो एवढं तरी तिथल्या माणसानं सांगायचं ना, मला ते चौथ्या दिवशी कळलं! पोलीस स्टेशनला दोन तास बसवलं आणि म्हणाले वस्तू तर मिळाली ना, मग फसवणूक कसली, ग्राहकचं मॅटर आहे, तिकडं जा, आणि वर साहेब म्हणतात पाच-सहा हजारांसाठी कशाला एवढं. त्या पाच-सहा हजारांत माझी खताची पोती येतात साहेब. कुरिअरचं ऑफिस म्हणतं पाठवणाऱ्याचा पत्ता देता येत नाही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, पण तक्रार करायची कोणावर, लेबलवर परराज्यातलं एक गोडाऊन, त्याला ना नाव ना फोन. सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात आणि दर खेपेला माझा एक दिवस जातो.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. लेबल फाडू नका, माझं भावाच्या पोरानं फाडलं होतं, कसंबसं जोडून फोटो काढला.

काल तोच टेकडीवरचा व्हिडिओ पुन्हा दिसला, पेजचं नाव दुसरं, किंमत तीच २,८९९. ज्यांच्याकडं हा माल आलाय त्यांनी खाली लिहा, आपण एकत्र तक्रार देऊ. माझी दुसरी बॅटरी खोक्यासकट तशीच ठेवलीय, पुरावा म्हणून.