भाज्या-कडधान्यांची साप्ताहिक पिशवी: पोटासाठी चार महिने घेतली, त्याचा हिशोब

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत दर शनिवारी सकाळी आमच्या ठाण्याच्या घरी एक कापडी पिशवी यायची. पाच भाज्या, दोन कोरड्या वस्तू म्हणजे कडधान्य किंवा भरड धान्य, आणि एक काहीतरी आंबवलेलं. ७२० रुपये आठवड्याला, डिलिव्हरी धरून. देणाऱ्यांचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत आणि माणसं मनाने चांगली आहेत, उगाच कुणाच्या धंद्यावर पाय नको. तरी अशी पिशवी लावायचा विचार असेल तर वाचा, थोडं लांबलंय.

मी घेतली ती हौस म्हणून नाही, पोटासाठी. वय ४४, दिवसभर खुर्ची, रात्री इसबगोल दोन चमचे कोमट पाण्यात, तरी सकाळी तेच रडगाणं. आमचे डॉक्टर म्हणाले औषध वाढवत नाही, आधी आठवडाभर काय काय खाता ते लिहून आणा, किती खाता ते नको, किती वेगवेगळं खाता ते. मला वाटलं आपण तर सगळं खातो. लिहायला बसलो तर गहू, तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, कांदा, बटाटा, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, भेंडी, फ्रोझन मटार, शेंगदाणे, खोबरं, केळं, सफरचंद. १५. मसाले आणि चहा सोडून. आणि हे सोळावं काही आठवेना म्हणून मी कोथिंबीर लिहिली तर बायको म्हणाली, "ती तू ताटात बाजूला काढून ठेवतोस, ती कशी मोजतोस?"

पिशवीबरोबर एक गुळगुळीत पत्रक येतं त्यावर मोठ्ठ्या अक्षरात "आठवड्याला ३० वनस्पती, पोट एकदम ठणठणीत!" असं छापलेलं आहे. हा ३० चा आकडा हवेतला नाहीये, अमेरिकन गट प्रोजेक्ट (गट म्हणजे इंग्रजीतलं gut, आतडं) म्हणून एक मोठं काम झालं, २०१८ ला त्याचा पेपर आला, दहा हजारांच्या वर लोकांनी आपल्या शौचाचे नमुने पाठवले होते, त्यात आठवड्याला ३० पेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात जंतूंची विविधता १० किंवा कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जास्त दिसली. बस, एवढंच. जे खातात त्यांच्यात हे दिसलं, खाल्ल्यामुळेच झालं असं काही सिद्ध झालं नाही, आणि ठणठणीत वगैरे तर कुणीच म्हटलेलं नाही. डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं ते पटलं, की प्रत्येक भाजीचा तंतू वेगळा, तो आपल्याला पचत नाही पण मोठ्या आतड्यातल्या जंतूंना पचतो, प्रत्येक जंतूची आवड वेगळी, ते जंतू तो आंबवून ब्यूटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि त्यावर आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी जगतात. म्हणजे पंगतीत एकच पदार्थ वाढला तर एकच पाहुणा जेवून उठणार.

आता मुद्द्याचं. मंडईत या भाज्या मिळत नाहीत का? मिळतात की. ठाणे स्टेशनबाहेर पावसाळ्यात शहापूर, मुरबाडकडच्या बायका टोपल्या घेऊन बसतात, टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली सगळं असतं. मग ७२० रुपये कशाला? मला हे कळायला तीन आठवडे लागले, की आमचा प्रॉब्लेम भाजी मिळण्याचा नव्हताच, जुडीचा होता. घरात माणसं तीन. अंबाडीची एक जुडी आणली की ती दोन दिवस चालते, चाकवत दोन दिवस, भोपळा कापला की आठवडाभर भोपळा, वालाचं बिरडं केलं की डबा, रात्र, परत डबा. मग वैताग येतो आणि माणूस परत बटाट्यावर येतो. पिशवीत काय असतं, तर १५० ग्रॅम अंबाडी, १५० ग्रॅम माठ, पाव किलो पडवळ, मूठभर शेवग्याची पानं, २०० ग्रॅम कुळीथ. एका वेळेची भाजी आणि संपली. कंटाळा यायच्या आत संपते. हे जे थोडं थोडं वेगवेगळं बांधून देतात ना, पैसे त्याचे आहेत आणि मला ते वर्थ वाटले. ज्यांच्याकडे सहा-सात माणसं जेवायला आहेत त्यांनी बिलकुल घेऊ नका, तुम्हाला मंडईच स्वस्त आणि मस्त.

आईचं मत वेगळं. आई पेणकडची. पहिली पिशवी उघडली तेव्हा ती इथेच होती, एकेक पुडी बाहेर काढून बघत म्हणाली, "अरे, ऋषिपंचमीची भाजी आहे ही, रोजची काय?" आणि खरंच, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परसातलं जे उगवलंय ते सगळं एका पातेल्यात जातं, अळू, माठ, भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण, कणसाचे तुकडे, एका वाटीत आठ-दहा प्रकार सहज होतात. भोगीला परत तेच, पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगं, घेवडा आणि वर तिळाची बाजरीची भाकरी. यंदा ऋषिपंचमीच्या आठवड्यात माझा आकडा ३४ गेला, आतापर्यंतचा सगळ्यात जास्त, आणि त्यात पिशवीपेक्षा आईचा हात जास्त होता हे कबूल करतो.

पहिले दोन आठवडे मात्र विचारू नका. मी उत्साहात सोमवारी मटकीची उसळ, मंगळवारी कुळथाचं पिठलं, बुधवारी बिरडं असा सपाटा लावला आणि गुरुवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये पोटात जो काही ढोल वाजायला लागला, मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसलो. लोकलमध्ये तर आणखी पंचाईत. कारण साधं आहे, कडधान्यातल्या काही साखरा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, त्या तशाच पुढे जातात आणि जंतू त्यावर तुटून पडतात, गॅस त्याचाच. ज्याने वर्षानुवर्षं फक्त तूरडाळ खाल्ली त्याने एकदम वालावर उडी मारायची नसते. हे पत्रकावर एका ओळीत लिहिता आलं असतं, हळूहळू वाढवा, रात्रभर भिजवा, भिजवलेलं पाणी टाकून द्या, मोड आणा. नाही लिहिलं. त्याऐवजी १५ दिवसांत पोट साफ, असं लिहिलंय. माझं १५ दिवसांत काय झालं ते वर सांगितलं. मग आईने मोड आणून, हिंग-ओवा घालून, अर्धी अर्धी वाटी असं सुरू केलं आणि महिन्याभरात ते थांबलं.

दुसरी मोठी तक्रार शेवळ्याची. जूनच्या दुसऱ्या पिशवीत शेवळं आली, ही पावसाच्या सुरुवातीची, सुरणाच्या जातीतली रानभाजी, बघून लेक म्हणाली हे काय साप आहेत का. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, शेवळ्याला खाज असते, नीट सोलून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडं म्हणजे छोटी आंबट रानफळं घालूनच शिजवायचं, काकडं नसतील तर चिंच नाहीतर आंबट काहीतरी हवंच. स्टेशनबाहेरची बाई शेवळ्याची जुडी देताना काकडं स्वतःहून हातावर ठेवते. या पिशवीत शेवळं होती, काकडं नव्हती, चिठ्ठी नव्हती. आई तोपर्यंत पेणला गेलेली. बायकोने साध्या कांद्यावर परतली. पहिल्या घासाला छान लागली, दोन मिनिटांनी तिघंही घसा खाजवत दह्याची वाटी शोधत होतो. मेसेज केला तर त्यांनी सॉरी म्हटलं, पुढच्या वेळी पैसे कापले नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर प्रत्येक रानभाजीवर चिठ्ठी यायला लागली. भारंगीवर लिहिलं होतं की उकडून पाणी पिळून टाका, कडू असते. फोडशीवर मधला कडक दांडा काढा. फोडशी आम्हाला सगळ्यांना आवडली, हरभऱ्याची डाळ घालून केली तर कांद्याच्या पातीच्या झुणक्याची धाकटी बहीण वाटते. करटोली नेहमीसारखी मस्त पण पाव किलोत सात-आठच आली, एवढीशी.

आंबवलेल्या वस्तूचं काय सांगू. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यांना सगळ्यात कमी जमतो. अमेरिकेत स्टॅनफर्डला २०२१ मध्ये एक प्रयोग झाला, ३६ निरोगी माणसं, १० आठवडे, अर्ध्यांना भरपूर तंतू आणि अर्ध्यांना दही, केफिर, किमचीसारखं आंबवलेलं. जंतूंची विविधता वाढली ती आंबवलेलं खाणाऱ्यांची, तंतूवाल्यांची सरसकट वाढली नाही. ३६ च माणसं, त्यामुळे याचाही झेंडा करून मिरवायला नको, पण नुसत्या भाज्या मोजत बसण्यापेक्षा ताकाची वाटी विसरू नये एवढं तरी त्यातून मी घेतलं. पिशवीत आलटून पालटून नाचणीची आंबील आणि आंबोळीचं पीठ यायचं. आंबील प्लॅस्टिकच्या बाटलीत, घट्ट झाकण लावून. ठाण्याची जूनची हवा, टेम्पोत चार तास. एका शनिवारी बाटली फुगून तिचा फुटबॉल झाला होता, उघडली तर अर्धी आंबील सिलिंगवर. परत पाठवलं, पुढच्या आठवड्यात तशीच. शेवटी मी त्यांना म्हटलं आंबील नको, नाचणीचं पीठ द्या, घरी करतो. रात्री पीठ ताकात भिजवायचं, सकाळी पाणी उकळून त्यात सोडायचं, मीठ, जिरं, लसूण. पाच मिनिटांचं काम. आंबोळीचं पीठ मात्र दर वेळी छान, जाळी पडते.

आणखी एक. त्यांची मोजणी जरा जुगाडू आहे. पत्रकावर या आठवड्यात १२ वनस्पती असं लिहिलेलं असतं, त्यात लाल माठ एक आणि हिरवा माठ एक असे दोन धरतात. तूरडाळ आणि हिरवी तूर, दोन. आमच्याकडे फ्रीजवर कागद लावलाय, त्यावर लेक खुणा करते आणि ती या बाबतीत फार कडक आहे, तिने माठ एकदाच धरला, मसाल्याला पाव मार्क दिला आणि वेफर्स बटाट्यात मोजायला साफ नकार दिला. त्यामुळे त्यांचे १२ आमच्याकडे १० होतात. कोरड्या वस्तू मात्र खऱ्याच वेगळ्या आल्या, राळं, वरी, कोद्रा, हुलगे म्हणजे कुळीथच, काळा घेवडा, वाघ्या घेवडा. वरी आमच्याकडे फक्त उपासाची, ती मंगळवारी दुपारी साध्या आमटीबरोबर खाताना बायकोला उगाच अपराधी वाटत होतं. राळ्याचा भात मला जमला नाही, चिकट लगदा झाला, दोनदा.

पोटाचं काय झालं ते विचाराल. इसबगोल रोजचं होतं ते आठवड्यातून एक-दोनदा झालं. सकाळचा वेळ अर्ध्यावर आला. ॲसिडिटी थोडी कमी, फार नाही. पण याच चार महिन्यांत मी रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास चालायला लागलो, पाणीपण वाढवलं, त्यामुळे किती श्रेय पिशवीला आणि किती बुटांना ते मला नाही सांगता येणार. आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी माझं बघून पिशवी लावली, त्यांना मुतखड्याचा त्रास, डॉक्टरांनी माठ-पालकासारख्या काही पालेभाज्या जपून खायला सांगितलेल्या, आणि पावसाळ्यात पिशवी अर्धी पालेभाज्यांचीच असते. काय नको ते सांगायची सोय आहे पण ती त्यांच्या ॲपवर फार आत कुठेतरी लपवलीय, काकांना सापडली नाही, मी शोधून दिली. आयबीएसवाल्यांनीपण, म्हणजे ज्यांचं आतडं चटकन बिघडतं त्यांनी, आधी डॉक्टरांना विचारा, कांदा-लसूण-कडधान्य सगळ्यांना झेपत नाही.

भाजीचा ताजेपणा सांगायचा राहिला. सोळा पिशव्यांत तीन वेळा पालेभाजी पिवळी किंवा चिकट आली, तिन्ही वेळा जुलैच्या जोरदार पावसात, दोनदा पैसे परत मिळाले. ओल्या पालेभाज्या वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, त्यापेक्षा कोरड्या कापडात दिल्या तर टिकतील, हे मी त्यांना दोनदा लिहिलं. डिलिव्हरीवाला मुलगा अगदी वेळेवर, पावसात भिजत यायचा, त्याला पूर्ण मार्क.

पाचातले साडेतीन देईन. अर्धा शेवळ्याला गेला, अर्धा पत्रकाला, अर्धा सिलिंगला. ऑक्टोबरपासून मी पंधरवड्यातून एकदाच केलीय, कारण आता मला माहीत आहे काय घ्यायचं, आणि मधल्या आठवड्यात शेजारच्या दोन घरांबरोबर मंडईतून जुड्या आणून तीन वाटे करतो, ते १५०-२०० रुपयांत होतं. भाजी निवडायचं काम माझ्याकडे आहे, वाटे करायचं शेजारच्या काकूंकडे, आणि शेपूचा वाटा दर वेळी फिरून आमच्याकडेच येतो.

पिशवी थांबवायची असेल तर मंगळवारी रात्री नऊच्या आत सांगावं लागतं, बुधवारी सांगितलं तर पैसे जातात, माझे एकदा गेले.