फिल्ग्रास्टिम इंजेक्शन, ३०० मायक्रोग्रॅमची वायल : लहान मुलांना रोज द्यावं लागतं त्यांच्यासाठी रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू केमोवाल्यांसाठी नाहीये. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या या इंजेक्शनबद्दल मराठीत जे थोडंफार सापडतं ते सगळं कॅन्सरचं, केमो झाली की काही दिवस घ्या आणि विषय संपला. आमच्याकडे ते रोज लागतं आणि वर्षानुवर्षं लागणार आहे, कारण माझ्या मुलीला सिव्हिअर कन्जेनायटल न्यूट्रोपेनिया आहे.

म्हणजे जंतू आले की सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, त्या तिच्या बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, तयार व्हायला लागतात पण पूर्ण वाढायच्या आधी तिथेच मरतात, रक्तात येईपर्यंत काही उरतच नाही. एरवी न्यूट्रोफिलचा आकडा रक्ताच्या एका मायक्रोलीटरमागे १५०० च्या वर असतो, हिचा कायम ५०० च्या खाली. तान्ही होती तेव्हा बेंबीला पू, मग कानात पू, मग सारखं तोंड येणं, हिरड्या लालबुंद. जीन टेस्टमध्ये ईलेन जीनचा दोष निघाला, त्यात पेशीतलं एक प्रोटीन नीट घडतच नाही आणि त्या ताणाने पेशी जीव सोडते. हा दोष आईबापात नसतानाही मुलात नव्याने येऊ शकतो, आमच्या दोघांच्याही टेस्ट क्लिअर आल्या, आणि घरात "तुझ्या माहेरचंच काहीतरी असणार" हे जे चाललं होतं ते त्या एका कागदाने बंद झालं. ज्यांना हे ऐकावं लागतंय त्यांनी ही टेस्ट जरूर करून घ्या. सगळ्यांचा दोष हाच असतो असं मात्र नाही. कोस्टमन नावाच्या डॉक्टरांनी १९५६ मध्ये उत्तर स्वीडनमधल्या कुटुंबांत हा आजार सांगितला होता, तिथला जीन हॅक्स-१ हे २००७ मध्ये कळलं, आणि त्यात आई आणि बाप दोघांकडून जीनची एकेक बिघडलेली कॉपी यावी लागते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, म्हणजे तीच बिघडलेली कॉपी दोघांकडेही असू शकते, तिथे नात्यातलं लग्न आहे हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आता इंजेक्शन. आपल्या शरीरात जी-सीएसएफ नावाचं जे प्रोटीन असतं तेच बाहेर बनवलेलं, मॅरोला पेशी वाढवायला लावतं आणि त्या पेशींना तगवतं. अमेरिकेत १९९१ मध्ये मंजूर झालं, त्याआधी यातली बरीच मुलं पहिल्या काही वर्षांतच जायची, हे वाचलं की मी त्या छोट्याशा बाटलीला मनोमन हात जोडते. हिचा काउंट हळूहळू हजाराच्या वर गेला, हिरड्या भरल्या, आणि जी पोरगी दूधभात पण रडत खायची तिने आजीच्या ताटातला भाकरीचा कडक पापुद्रा उचलून कुडुमकुडुम खाल्ला. माझ्यासाठी पाचपैकी पाच तिथेच झाले.

पण कंपन्यांवर राग आहे तो साइजचा. बारा किलोच्या मुलाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम धरले तर ६० होतात, आणि आमच्या मेडिकलला मिळते ती वायल ३०० ची, एक एमएलची. त्यातलं ०.२ एमएल घ्यायचं आणि बाकी ओतून टाकायचं, कारण त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. रोज एवढं महागाचं औषध बेसिनमध्ये जाताना बघून पोटात कालवतं हो, लहान मुलांच्या डोसची वायल काढायला काय हरकत आहे? भरलेली सिरिंज मिळते पण इतका छोटा डोस त्यावर नीट मोजता येत नाही, म्हणून आम्ही वायलच घेतो.

ठेवायचं २ ते ८ डिग्रीत. फ्रीजच्या दारात नको, फ्रीझरला चिकटून तर नकोच, गोठता कामा नये. हलवायचं नाही, फेस येतो. टोचायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवलं तर कमी चुरचुरतं, मांडी आणि पोट आलटून पालटून. एका ऑनलाइन मेडिकलने मे महिन्यात साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवलं, जेलपॅक वितळून पाणी, बाटली कोमट! परत केलं, आता स्वतः थर्मास घेऊन जाऊन आणतो आणि लाइट गेली की फ्रीज उघडायचा नाही असा घरात दंडकच आहे.

सुरुवातीला पाय फार दुखायचे तिचे, हाडांतलं दुखणं, मॅरो जोरात कामाला लागला की होतं म्हणे, डॉक्टरांनी दिलेल्या पॅरासिटामॉलने भागलं. काउंटसाठी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, चालूच असतात, आणि वर्षातून एकदा बोन मॅरो तपासतात कारण या आजारात पुढे ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा, धोका असतो, जास्त डोस लागणाऱ्या मुलांत अजून जास्त. ते टाळू नका प्लीज, कितीही नको वाटलं तरी. मूळ आजार मात्र या औषधाने जात नाही, त्याला बोन मॅरो ट्रान्सप्लांटच, आणि तो कधी करायचा हे प्रत्येक मुलाचं वेगळं.

अजून एक, इंजेक्शन चालू असलं तरी १००.४ च्या वर ताप गेला की घरी वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल, आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य "हिला न्यूट्रोपेनिया आहे" हेच सांगा, नाहीतर व्हायरल म्हणून परत पाठवतात.