छिद्रांच्या नळीचे हात धुण्याचे केंद्र : दीड वर्षाच्या वापरानंतर

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीपर्यंत 64 मुले आहेत. खिचडीची घंटा झाली की दोन नळांसमोर एवढी रांग लागायची, की शेवटची मुले हात सदऱ्याला पुसून तशीच पंगतीत बसत. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने तालुक्याच्या एका वर्कशॉपमधून हात धुण्याचे तयार केंद्र आणून बसवले. समितीची सदस्य या नात्याने त्या खरेदीत माझाही सहभाग होता.

रचना अगदी साधी आहे. लोखंडी अँगलच्या चौकटीवर आडवी पीव्हीसी नळी, तिला खालच्या बाजूने वीत-वीत अंतरावर बारीक छिद्रे, एका टोकाला टाकीकडून येणारा एकच कॉक, दुसऱ्या टोकाला बूच आणि खाली पाणी वाहून नेणारी पन्हळ. शाळेतील सर्व मुलांनी रोज ठरलेल्या वेळी एकत्र हात धुवावेत, ही पद्धत फिलिपिन्समधील 'फिट फॉर स्कूल' उपक्रमातून पुढे आली आणि 2013 मध्ये युनिसेफ व जर्मनीच्या जीआयझेड या संस्थांनी मांडलेल्या शाळास्वच्छतेच्या 'थ्री स्टार' पद्धतीतही तिला महत्त्वाचे स्थान मिळाले. आमच्याकडे आता एका वेळी दहा मुले उभी राहतात. बाई कॉक उघडून हात ओले करू देतात, लगेच बंद करतात, साबण चोळून होईपर्यंत थांबतात आणि मग पुन्हा उघडतात. पहिलीतली एक मुलगी नखे तळहातावर घासून शेजारच्याला "असं कर" म्हणून दाखवत होती, ते पाहून खर्चाचे चीज झाल्यासारखे वाटले.

तरीही घेणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच बजावून सांगाव्यात. आमच्या पुरवठादाराने शेवटचे बूच सोल्युशनने कायमचे चिकटवले होते. बोअरच्या जड पाण्यातील क्षार आत साचत गेले, चार महिन्यांत निम्मी छिद्रे बुजली आणि आम्ही दाभणाने ती कोरत बसलो. वारंवार फोन करूनही कोणी आले नाही, तेव्हा गावातल्याच प्लंबरकडून टोक कापून आट्याचे बूच बसवून घेतले. आता दर शनिवारी ते उघडून नळी धुता येते. दुसरी चूक उंचीची आहे. एकच उंची ठेवल्याने पहिलीच्या मुलांना हात वर धरावे लागत आणि पाणी कोपरापर्यंत ओघळून बाह्या भिजत. त्यांच्यासाठी पुढे फरशीचा ओटा करावा लागला. दोन उंचींच्या नळ्या सुरुवातीलाच मागितल्या असत्या तर हा खर्च वाचला असता.

साबणाची वडी चिखलात पडून वाया जाते, म्हणून ती कांद्याच्या जाळीत घालून दोरीने टांगली आहे. साबणाचे पैसे 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातून येतात. 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये मिळतात आणि त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. पण त्या 2,500 रुपयांत शौचालयाचे फिनेल आणि ब्रशही बसवायचा असल्याने वर्षाअखेरीस पालकांकडून साबण मागावाच लागतो. ही तरतूद मला फार तोकडी वाटते.

मुले छिद्रांना तोंड लावून पाणी पितात, हे आमच्या उशिरा लक्षात आले. तेव्हापासून ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक शाळेच्या टाकीतही टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात आणि पाण्यातील शिल्लक क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट करतात. पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे.

जेवणाआधीच्या सामूहिक हात धुण्यासाठी हे केंद्र मी निःसंकोचपणे सुचवीन. शौचालयाजवळ मात्र ते बसवू नये, कारण तेथून एकटे आलेले मूल कॉक उघडते तेव्हा दहाही छिद्रांतून पाणी वाहते. आम्ही तेथे, मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर, एक वेगळा साधा नळ बसवला असून त्याचे सांडपाणी परसबागेतील केळींना सोडले आहे.