ओएसआरएम: उत्तर चटकन देतं, चूक सांगत नाही

अंतरांचे तक्ते, डिलिव्हरीचे मार्ग हे सगळं स्वतःच्या सर्व्हरवर काढायचं असेल, तर मुक्तस्रोत ओएसआरएम (ओपन सोर्स राउटिंग मशीन, रस्त्यांवरचे मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर) आधी बघावं. साधा डाइक्स्ट्रा, म्हणजे सर्वांत जवळची वाट शोधायचा जुना अल्गोरिदम, मुंबई–नागपूरसाठी वाटेतले लाखो नोड (रस्त्यांवरचे बिंदू) चाळत बसतो. ओएसआरएम ती मेहनत आधीच उरकून ठेवतं, मग उत्तर मिलिसेकंदांत येतं.

पद्धती दोन. कॉन्ट्रॅक्शन हायरार्कीज, म्हणजे सीएच, हे २००८चं कार्ल्सरूहमधलं तंत्र: बिनमहत्त्वाचे नोड एकेक काढायचे, त्यांच्यावरून जाणारी जवळची वाट शॉर्टकट म्हणून जोडायची. शोध दोन्ही टोकांकडून, फक्त चढत्या क्रमाच्या नोडांकडे. वेग भन्नाट, पण एका रस्त्याचा वेग बदलला तरी पुन्हा कॉन्ट्रॅक्ट करा. दुसरी एमएलडी, म्हणजे मल्टी-लेव्हल डाइक्स्ट्रा: ती नकाशाचे विभाग पाडते आणि विभागांच्या सीमांमधली अंतरं साठवते. शोध थोडा मंद, पण ट्रॅफिक बदललं की फक्त कस्टमाइझ ही पायरी पुन्हा चालवायची. दर तासाला वेग बदलणार असतील तर डोळे मिटून एमएलडी घ्या. प्रचंड तक्ते काढायचे आणि नकाशा क्वचितच बदलायचा, तर सीएच.

एमएलडीचा क्रम असा: जिओफॅब्रिक या साइटवरची पीबीएफ फाइल (ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा), कार प्रोफाइल (गाडीसाठीचे वेगाचे, वळणांचे नियम) लावून एक्स्ट्रॅक्ट, मग पार्टिशन, कस्टमाइझ, शेवटी उत्तरं देणारा सर्व्हर राउटेड. राउटेडला अल्गोरिदम एमएलडी असं स्पष्ट सांगावं लागतं. मूळ पर्याय सीएच आहे. एक्स्ट्रॅक्टला रॅम भरपूर लागते. प्रोसेस काही न बोलता ‘किल्ड’ झाली, तर रॅमच कमी पडलीय असं समजा.

आपल्याकडे हमखास राहणारी गोष्ट म्हणजे वाहनं चालवायची बाजू. कार प्रोफाइल मुळात उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी आहे. डावी बाजू सांगितली नाही, तर उजवं वळण, जे इथे समोरची वाहतूक तोडून घ्यावं लागतं, तेच स्वस्त धरलं जातं.

अक्षांश-रेखांशाचा घोळ याहून वाईट. क्रम आधी रेखांश: पुण्यासाठी ७३.८५६७, १८.५२०४. उलटं दिलंत तर बिंदू थेट आर्क्टिकच्या समुद्रात पडतो, पण ओएसआरएम तक्रार न करता डेटामधला जवळचा रस्ता पकडून मार्ग काढून देतं! रस्ता किती अंतरात शोधायचा याची, म्हणजे रेडियसची मर्यादा घाला, म्हणजे निदान ‘नोसेगमेंट’ (जवळ रस्ता नाही) ही चूक तरी मिळेल.

बदललेले वेग देणाऱ्या सीएसव्ही फाइलमध्ये, जिथे ओळीत दोन नोड आणि वेग असतो, दिशा महत्त्वाची. दुतर्फा रस्त्याला दोन ओळी लागतात, आणि नोड लगतचेच हवेत.

तक्त्याची मर्यादा १०० ठिकाणांची. ‘टूबिग’ ही चूक आली तर राउटेड सुरू करतानाच ती वाढवा.